आठ फुटी छत्री आणि गच्चीवरचे संशयित

आमच्या इमारतीच्या गच्चीवर आठ फुटी जाळीची छत्री होती आणि ती माझी होती. डिश म्हणा हवं तर, पण आमच्या धंद्यात तिला छत्रीच म्हणायचे. मंडईमागच्या गल्लीत मी बरीच वर्षं केबल चालवली. या गॅलरीतून त्या गॅलरीत, तिथून विजेच्या खांबावर, खांबावरून कोणाच्या तरी न्हाणीघराच्या खिडकीतून आत, अशा माझ्या वायरी होत्या. मग मोठी कंपनी आली, टीव्हीखालची सेट-टॉप खोकी आली, आणि मी वायरी नि गिऱ्हाइकं त्यांच्या हवाली करून घरी बसलो. छत्री मात्र त्यांनी घेतली नाही. त्यांच्या माणसाने कलिंगड बघावं तशी तिच्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, याचं आता काय करायचं?

तर मी तिचं काहीतरी करत होतो. आकाशातल्या एका जुन्या उपग्रहावरून एक कीर्तनाची वाहिनी यायची. कंपनीच्या खोक्यात ती दिसत नसे, माझ्या छत्रीत दिसे. मी एकच वायर खाली सोडली आणि इमारतीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ती फुकट दिली. फुकट दिलं की कोणी तक्रार करणार नाही, असा माझा हिशेब. मी जन्मापासून पुण्यात राहतो आणि तरी असा हिशेब करतो, यावरून पुढचं काय ते ओळखा. इथे विकतच्या वस्तूबद्दल माणूस एकदा ओरडून गप्प बसतो. फुकटच्या वस्तूबद्दल मात्र तो सविस्तर बोलतो.

त्या उपग्रहाचा मला अभिमान होता. तो नवा वर गेला तेव्हा मीही धंद्यात नवाच होतो, आणि छत्री खांबावर चढवून त्याच्यावर रोखली ती मी स्वतः. छत्तीस हजार किलोमीटर वर, विषुववृत्ताच्या माथ्यावर तो बसलेला. बसलेला म्हणजे आपल्याला तसा दिसतो. खरं तर पृथ्वी जेवढ्या वेळात गिरकी घेते तेवढ्याच वेळात तोही एक फेरी मारतो, त्यामुळे खालून बघणाऱ्याला तो जागचा हलत नाही. छत्री एकदा दक्षिणेला, डोकं चांगलं वर करून रोखली, नट आवळले, की काम संपलं. माझे नट तर गंजून खांबाशी एकजीव झालेले. जो भेटेल त्याला मी सांगायचो, माणूस हलेल, सरकार हलेल, पण तो हलायचा नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं की बायको ते येणार असं दिसलं की आधीच स्वयंपाकघरात निघून जायची.

यंदा जानेवारीत सोसायटीने ठरवलं की गच्चीवर सोलर पॅनल बसवायचे. पॅनलना दक्षिणेची बाजू हवी. दक्षिणेच्या बाजूला माझी छत्री. सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठून सांगितलं, की एप्रिलमध्ये विशेष सभा घेऊ, तोवर आपण विचार करा. सेक्रेटरी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. जिन्यातसुद्धा ते इतिवृत्तातल्यासारखं बोलतात. 'आपण विचार करा' याचा अर्थ 'आम्ही विचार केलेला आहे', हे मला कळलं.

आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी बारा वाजता, कीर्तन गेलं.

बुवांच्या तोंडाचे आधी चौकोनी तुकडे झाले, मग तुकडे गोठले, मग काळं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वरून हाक मारली. काकू पंचाहत्तरीच्या, एकट्या राहतात, कीर्तन दुपारचंही बघतात आणि तेच संध्याकाळी पुन्हा लागलं की पुन्हा बघतात. मी गच्चीवर धावलो. खांब ठोकून बघितला, वायर हलवून बघितली, आणि तासाभरात चित्र आपोआप आलं. अर्थातच मी खाली येऊन सांगितलं की मी दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी बाराला पुन्हा गेलं. तिसऱ्या दिवशीही. मशीन बिघडलं तर ते वेळ पाळून बिघडत नाही. वेळ माणूस पाळतो. म्हणजे कोणीतरी हे करत होतं, आणि का करत होतं तेही उघड होतं. छत्री कुचकामी आहे असं सभेत दाखवता आलं की विषय मिटला.

बारा वाजता गच्चीवर कोण असतं? काकू.

त्यांनी जुन्या धोतरावर आवळासुपारी वाळत घातली होती, आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून माझ्या छत्रीच्या कडेला दोऱ्याने दोन जुन्या सीड्या टांगल्या होत्या. वाऱ्याने त्या गरगरत होत्या. मला गुन्ह्याचं हत्यारच सापडलं. मी सीड्या तोडून काढल्या, आणि बघता बघता चित्र आलं. (तास संपत आला होता, म्हणून आलं. ते मला पुढे कळलं.) काकूंना मी समजावून सांगितलं की सीडीवर लहरी आपटून परत जातात.

"अहो, कीर्तन बघणारी मी," काकू म्हणाल्या, "माझंच कीर्तन मी कशाला बंद पाडू?"

प्रश्न बिनतोड होता. पण संशय घ्यायला बसलेल्या माणसाला बिनतोड प्रश्न फार सोयीचा पडतो. मी मनात म्हटलं, बघा, उत्तर तयार ठेवलंय. काकूंनी धोतराची चार टोकं गोळा केली आणि आवळे आपल्या गॅलरीत नेले. त्या गॅलरीत ऊन येत नाही. चार-पाच दिवसांनी बुरशी धरलेले आवळे त्यांनी कचऱ्याच्या बादलीत टाकले, तेही मी समोरून जात असताना, सावकाश.

कीर्तन जायचं थांबलं नाही. उलट फेब्रुवारीत ते सकाळी दहाला जायला लागलं. मी म्हटलं, हात बदलला.

दहा वाजता गच्चीवर चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू असायचा. आयटीतला मुलगा, विदर्भातून आलेला, कानात ते पांढरं बोंड घालून छत्रीच्या सावलीत फेऱ्या मारत परदेशातल्या लोकांशी बोलायचा. त्याचं बोलणं मी टाकीआडून दोन दिवस ऐकलं. सारखं 'अलाइन करू या, अलाइन करू या' चाललेलं. छत्री रोखण्यालाही आम्ही अलाइन करणंच म्हणतो. मला आणखी पुरावा नको होता, तरी एक होताच. मोबाइलच्या नव्या लहरींनी छत्रीतल्या लहरी बिघडतात असं मी कुठेतरी वाचलं होतं, आणि अर्धवट वाचलेलं माझ्या डोक्यात फार पक्कं बसतं. मी त्याला सांगितलं, फोन घेऊन खाली जा.

"काका, खाली रेंज नाही, म्हणून तर वर येतो ना," तो म्हणाला. "माझं अप्रेझल चालू आहे."

तरी गेला बिचारा. जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसून बोलायला लागला. येणारी-जाणारी बाई त्याला ओलांडून जायची. आणि कीर्तन दहाला जातच राहिलं, फक्त हळूहळू पावणेदहा, साडेनऊ असं करत मार्चमध्ये आठावर आलं.

आठ ही सेक्रेटरींची वेळ. आता मला खरा सूत्रधार सापडला. ते गच्चीवर व्यायाम करतात, आणि पाठीला ताण द्यायला माझ्या छत्रीचा खांब दोन्ही हातांनी धरून मागे झुकतात. मी जिन्याच्या दारात उभा राहून म्हणालो, "साहेब, तुम्ही लोंबकळता म्हणून छत्री हलते."

ते तसेच मागे झुकलेले राहिले. आकाशाकडे बघत म्हणाले, "आपली तक्रार लेखी द्यावी."

लेखी काही मी दिलं नाही. त्याऐवजी त्याहून वाईट केलं. आमच्या गच्चीची किल्ली तळमजल्यावर एका खिळ्याला टांगलेली असते. ज्याला लागेल त्याने न्यावी, परत टांगावी. इमारत झाल्यापासूनचा रिवाज. मी ती किल्ली काढून घेतली, आणि कोणी दुसरी करून ठेवली असेल म्हणून वर माझं स्वतःचं कुलूप लावलं. मग पंप लावला तर टाकी भरली का ते वर जाऊन बघता येईना, गाद्या उन्हात टाकता येईनात. ज्याला वर जायचं त्याने माझ्या दारावर येऊन कारण सांगायचं. आठवड्याभरात माझ्याशी बोलणारी माणसं घरातच उरली, आणि घरातही एकच होतं, तेही मोजकं बोलत होतं.

आणि एप्रिलमध्ये कीर्तन पहाटे सहाला जायला लागलं.

मी पाळतीवर बसलो. दाराला गच्चीकडून कडी, किल्ली माझ्या खिशात, पालथ्या बादलीवर मी, हातात सिग्नलचा मीटर. शेजारच्या इमारतीवर कोणीतरी गॅलरी धूत होतं, मंडईकडे टेम्पो जात होते. सहाच्या सुमारास मीटरचा आकडा उतरू लागला. मी ताडकन उठलो. गच्चीवर कोणी नव्हतं. टाकीमागे बघितलं, पाइपांमागे बघितलं. छत्री खांबाला बसते तिथे मी आदल्या दिवशी खडूने खूण करून ठेवली होती. खूण जिथल्या तिथे. आकडा मात्र उतरत उतरत शून्यावर गेला. त्या वेळी गच्चीवर एकच संशयित होता, आणि तो पालथ्या बादलीवर बसला होता. खोटं कशाला सांगू, क्षणभर मी तोही विचार करून बघितला. माझ्याच अंगाने आड येतंय का म्हणून पार उत्तरेच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. एक कावळा छत्रीच्या कडेवर होता. त्याच्याकडेही बराच वेळ बघितलं.

खाली आलो तर बायकोने चहा पुढे ठेवला. म्हणाली, "बारा, दहा, आठ, सहा. तुमचा चोर दर महिन्याला दोन तास लवकर उठतोय. आपल्या इमारतीत एवढं शिस्तीचं कोण आहे, ते सांगा."

चहा हातातच राहिला. दर महिन्याला दोन तास लवकर. हे शाळेत शिकवतात. आकाशातला तारा आज जेव्हा उगवला, त्याच्या दोन तास आधी तो पुढच्या महिन्यात उगवतो. हा चोर गच्चीवर चढतच नव्हता. तो वरच होता.

वाहिनीच्या कचेरीत फोन लावला. चार जणांनी इकडून तिकडे फिरवल्यावर एक इंजिनिअर बाई भेटल्या. आवाजावरून माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की हो, उपग्रह आता डोलतो, रोज एकदा उत्तरेला, एकदा दक्षिणेला, तेही ताऱ्यांच्या घड्याळाने. चंद्र आणि सूर्य त्याला सारखे ओढत असतात. जागेवर राहायचं तर पोटातलं इंधन थोडं थोडं जाळून त्याला स्वतःला सावरत राहावं लागतं, आणि त्यातलं बहुतेक इंधन उत्तर-दक्षिण डोलणं आवरण्यात जातं. म्हातारपणी इंधन संपत आलं की ते आवरणं सोडून देतात. पूर्व-पश्चिम मात्र शेवटपर्यंत सांभाळतात, कारण त्या ओळीत दोन्ही बाजूंना दुसरे उपग्रह असतात, त्यांच्या जागेत घुसून चालत नाही.

"म्हणजे आमच्या पार्किंगसारखं," मी म्हणालो.

"तसंच काहीसं," त्या म्हणाल्या. मोठ्या छत्र्यांना मोटर असते, त्या डोलणाऱ्याच्या मागे मागे फिरतात. तुमची फिरत नाही ना? नव्हती फिरत. ती मी मुळातच किंचित एका बाजूला झुकती बसवली होती, म्हणून रोज तो दुसऱ्या टोकाला गेला की माझ्या नजरेतून सुटायचा. आणखी किती दिवस तो चालेल, असं विचारलं. त्या म्हणाल्या, टाकीत नेमकं किती उरलंय ते वर जाऊन कोणी बघू शकत नाही, अंदाज करावा लागतो. शेवटचं थोडं मात्र मुद्दाम राखून ठेवतात.

"परत आणायला?"

"छे. आणखी वर ढकलून द्यायला. जागा मोकळी करायची असते, मागून दुसरा येतो."

फोन ठेवला. माणूस हलेल, सरकार हलेल, हे वाक्य मला एकदम सगळीकडून ऐकू यायला लागलं.

आता मला तीन माणसांकडे जायला हवं होतं. ती तीन माणसं सभेत माझ्या बाजूला नसती तर छत्री गेली असती, एवढं सरळ होतं. मी किल्ली परत खिळ्याला टांगली. काकूंच्या दाराची बेल दोनदा वाजवायला गेलो आणि दोनदा परत आलो. म्हटलं, सभेतच सगळ्यांदेखत सांगू, एकदमच होईल. काटकसर करण्याची ही जागा नव्हती.

सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी बोलायला उठणार तोच सेक्रेटरी उठले. म्हणाले, दक्षिणेची बाजू पॅनलना लागणारच. तथापि, छत्री टाकीच्या मागे, उत्तरेला हलवता येईल. मजुरी सोसायटी देईल. काकू म्हणाल्या, माझी हरकत नाही. आणि तो आयटीवाला म्हणाला की काकूंनी सांगितलं म्हणून त्याने फोनवर कोन तपासला आहे, तिथूनही दिसेल.

कोणताही शहाणा माणूस इथे हात जोडून खाली बसला असता. माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो. काकू, हा मुलगा आणि सेक्रेटरी, तिघं माझ्यामागे एकत्र भेटतात. भेटून कोन तपासतात. ज्यांच्याशी मी चार महिने असा वागलो ते माझ्यासाठी जागा शोधतात, ती का? आणि जागा कुठली, तर टाकीमागे. मला दक्षिणेला बघायचंय, आणि मधे टाकी. डाव लख्ख दिसला. चांगुलपणाचा ठराव करून छत्री भिंतीकडे तोंड करून उभी करायची.

उपग्रहाचं, डोलण्याचं, काकूंच्या आवळ्यांचं, जे जे सांगायला उठलो होतो ते सगळं राहिलं आणि मी म्हणालो, छत्री हलेल तर गच्चीवरून जाईल, टाकीमागे जाणार नाही. मला काय कळत नाही का?

"काका, पण छत्री वर बघते ना," तो मुलगा म्हणाला. "टाकी मधे येतच नाही."

"इतिवृत्तात घेतो," सेक्रेटरी म्हणाले. "छत्रीमालक स्थलांतरास तयार नाहीत, काढून टाकण्यास तयार आहेत."

मतासाठी हात वर झाले. काढण्याच्या बाजूने सगळे. त्यात एक हात माझ्या बायकोचा होता. फ्लॅट तिच्या नावावर आहे, त्यामुळे मत तिचं, माझं नाही. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, तुम्हीच काढा म्हणालात, मग मी नवऱ्याच्या विरोधात मत देऊ?

त्या रात्री जेवताना ताट जरा तिरकं करून बघितलं. माझी छत्री इतकी वर बघत असते की टाकी तिच्या हनुवटीलासुद्धा लागली नसती. हे मला तीस वर्षं माहीत होतं. रोखली होती मीच.

पॅनलवाल्यांनी खांब कापला. छत्री खाली न्यायची तर जिन्यातून जाईना, कारण ती गच्चीवरच जोडलेली, आणि नट तर उघडणारच नव्हते. शेवटी त्यांनी ती तशीच, आकाशाकडे तोंड करून, चार विटांवर टाकीमागे ठेवून दिली. म्हणजे जागा मला शेवटी तीच मिळाली, फक्त खांब न मिळता. तीन आठवड्यांनी वाहिनीवाल्या बाईंचा फोन आला. माझा नंबर त्यांनी ठेवला होता. उपग्रह वर ढकलून बंद केला, म्हणाल्या, सगळं व्यवस्थित झालं. मी म्हटलं, बरं झालं. त्या जागेला तीन आठवडेच आयुष्य होतं, आणि तेवढ्यासाठी मी भांडलो होतो. तो मात्र राखून ठेवलेलं शेवटचं इंधन जाळून, कोणाशी न भांडता बाजूला झाला. कीर्तन आता फोनवर येतं. त्या मुलाने काकूंच्या टीव्हीला ते जोडून दिलं. मला कोणी विचारलं नाही.

पहाटे सहाला उठायची सवय मात्र राहिली. मे महिन्यात एकदा वर गेलो तर टाकीमागे छत्रीत पांढरी मलमल पसरलेली, आणि त्यावर कुरडया. जाळी असल्यामुळे खालून वारा, वरून ऊन. इतकी उत्तम सोय मी आयुष्यात कोणाची केलेली नाही. कुरडया आदल्या दिवशीच्या, अर्धवट वाळलेल्या. त्या अवस्थेत त्या काय लागतात ते ज्याने खाल्ल्यात त्यालाच माहीत. एक खाल्ली. मग दुसऱ्या दिवशीही वर गेलो.

चौथ्या दिवशी बेल वाजली. जानेवारीनंतर काकू पहिल्यांदाच माझ्या दारात आल्या होत्या.

"अहो, कुरडया कमी होतायत," त्या म्हणाल्या. "पहाटे गच्चीवर कोण असतं?"

मी म्हटलं, कावळे असतील.

"कावळे वाटी घेऊन येत नाहीत," काकू म्हणाल्या, आणि गच्चीवर राहिलेली माझी वाटी माझ्या हातात ठेवली. बुडाशी बायकोचं नाव कोरलेलं होतं. "तळून हव्या असतील तर रविवारी या. आणि येताना माझ्या सीड्या घेऊन या, कबुतरं फार झालीत."